क्रूझवर गाडी, ब्रेकजवळ पाय

क्रूझ कंट्रोल ज्याने शोधलं, त्याला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती! अमेरिकेतल्या इंडियानाचे राल्फ टीटर यांची दृष्टी पाच वर्षांचे असताना अपघातात गेली. त्यांचे वकील गाडी चालवताना बोलू लागले की वेग मंदावायचा, ऐकू लागले की वाढायचा. त्या गचक्यांना वैतागून टीटर कामाला लागले, असं सांगतात. १९५० मध्ये पेटंट मिळालं आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत ते यंत्र बसलं.

पुढची गाडी पाहून वेग बदलणारं अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ १९९५ च्या मित्सुबिशी डायमांटेत आलं. ते लेझरने अंतर मोजायचं, पण ब्रेक मात्र लावायचं नाही. नुसतं रेस कमी करायचं आणि गिअर उतरवायचं.

आता एक्सयूव्ही ७००, हॅरियर, क्रेटाच्या वरच्या मॉडेलांत रडारवर चालणारी ही सोय आहे, आणि ती वापरायला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही आहे. कारला मर्यादा ताशी १२० किलोमीटर, म्हणजे एका सेकंदात ३३ मीटर.

आणि इथेच सगळ्यांत मोठा धोका आहे. रस्त्याकडेच्या पाट्या, कठडे, वरचे पूल या सगळ्यांवरून रडारच्या लहरी परत येतात. प्रत्येकीसाठी ब्रेक लागला तर गाडी पुढेच जाणार नाही. म्हणून हायवेच्या वेगात अनेक यंत्रणा जागच्या जागी उभ्या वस्तू सोडून देतात. समजा, तुम्ही १२० लावलेत आणि पुढची गाडी ९० ने चालली आहे. ती अचानक लेन बदलते. का? तर पुढे पंक्चर झालेला ट्रक उभा आहे. मागे खूण म्हणून चार दगड आणि बाभळीची फांदी. तुमच्या गाडीला वाटतं, रस्ता मोकळा झाला. ती वेग वाढवते! पुढच्याने लेन सोडली की तुमचा पाय ब्रेकवर गेलाच पाहिजे. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

बहुतेक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असेल तर क्रूझ ब्रेक लावत नाही. त्यामुळे पाय टेकवायला ती जागा नव्हे.

पुढच्या गाडीपासूनच्या अंतराचं बटण मीटर नाही, सेकंद ठरवतं. १२० वर दोन सेकंद म्हणजे ६७ मीटर. सगळ्यांत लांबचा टप्पा निवडा. मध्ये कुणी घुसेल, घुसू द्या. गाडी आपोआप मागे सरकेल.

घाटात क्रूझ बंदच ठेवा. वळणावर पुढची गाडी रडारच्या टप्प्यातून निसटते, नाहीतर शेजारच्या लेनमधला ट्रकच समोर आहे असं वाटून उगाच ब्रेक लागतो. लेनच्या कडेने जाणारी मोटरसायकलही यंत्रणेच्या नजरेतून सुटू शकते. समृद्धीवर दुचाकींना बंदी आहे, पण इतर हायवेंवर त्या असतातच.

पावसात रडार बऱ्यापैकी चालतं. टायरची पकड सुटेल का, हे मात्र त्याला कळत नाही. निघण्यापूर्वी बंपर आणि लोगोवरचा चिखल पुसा, कारण बऱ्याच गाड्यांचं रडार त्यामागेच असतं. आरशामागच्या कॅमेऱ्यासमोरची काचही पुसा.

हायवे सोडून बाहेर पडायच्या वळणाला लागण्याआधी कॅन्सल दाबा. नाहीतर समोरची गाडी बाजूला झाली, की लावलेले १२० गाठायला तुमची गाडी त्या वळणातच धावू लागेल. टोलनाक्यानंतर ‘रिझ्यूम’ दाबतानाही आधी स्क्रीनवरचा आकडा वाचा. तो मघाचाच असतो.