काजळी शाईची कपची आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक

आमच्या एका संग्राहक स्नेह्यांजवळ एक मोडी सनद आहे. तिच्या खरेपणाविषयीं दोन घराण्यांत वाद चालू आहे. "पुण्यांत लाखपट मोठें दाखविणारें यंत्र आहे, सनदेचा एक कोपरा कापून पाठवितों, म्हणजे काळ ठरेल," असें ते गेल्या पावसाळ्यांत रत्नागिरीस आमचे घरीं येऊन म्हणाले. आम्हीं त्यांस थांबविलें. त्याचीं कारणें सर्वच संग्राहकांच्या उपयोगाचीं असल्यामुळें येथें मांडीत आहों.

मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले असतां एक भाग म्हणजे नॅनोमीटर होय. डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरीची लांबी सुमारें ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. यामुळें भिंगें कितीही उत्तम असलीं, तरी सुमारें २०० नॅनोमीटरांहून जवळ असलेले दोन बिंदू साध्या सूक्ष्मदर्शकांतून वेगळे दिसत नाहींत. इलेक्ट्रॉन या विद्युत्कणासही लहर असते, असा सिद्धांत फ्रेंच शास्त्रज्ञ लुई द ब्रॉय यांनीं १९२४ सालीं मांडला. एक लक्ष व्होल्टच्या दाबानें धावणाऱ्या इलेक्ट्रॉनची लहर नॅनोमीटरच्या शतांशाहूनही लहान असते. क्नॉल व रुस्का या जर्मन शास्त्रज्ञांनीं १९३१ सालीं बर्लिन येथें पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सिद्ध केला. रुस्का यांस त्याबद्दल १९८६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

या यंत्रांत कांचेच्या भिंगांचें काम विद्युच्चुंबक करतात, आणि इलेक्ट्रॉनांचा झोत पदार्थाच्या आरपार जाऊन पलीकडे त्याची छाया उमटवितो. झोत आरपार जावा म्हणून नमुना बहुधा १०० नॅनोमीटरांहून पातळ करावा लागतो. साधा कागद याच्या सुमारें हजारपट जाड असतो. तो नमुना तीन मिलिमीटर व्यासाच्या, बहुधा तांब्याच्या, जाळीवर ठेवून निर्वात नळींत घालतात. सारांश, सनद या यंत्रांत ठेवतां येत नाहीं, आणि अख्ख्या कोपऱ्याची यंत्रास गरजही नाहीं. सुईच्या टोकावर राहील एवढी कपची पुरते. परंतु ती मूळ स्वरूपांत परत मिळत नाहीं.

अशा कपचींत काय दिसतें? तेलाच्या दिव्यावर धरलेलें काजळ डिंकांत घोटून शाई केली असेल, तर काजळाचे दहा ते पन्नास नॅनोमीटरांचे वाटोळे कण माळेसारखे जोडलेले दिसतात, आणि प्रत्येक कणांत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर आढळतात. लांकडी कोळसा कुटून केलेल्या शाईंत वेडेवांकडे तुकडे असतात. हिराकस व मायफळ यांच्या शाईंत यांपैकीं कांहींच नसून तिचा काळेपणा लोहाचा असतो. म्हणजे शाई कशाची, हें यंत्र निश्चयानें सांगूं शकतें. ती केव्हांची, हें मात्र सांगत नाहीं. कारण दोनशें वर्षांपूर्वींच्या दिव्याचें काजळ आणि कालच्या दिव्याचें काजळ यांची आकृति एकच.

याचें उदाहरण पुण्यांतच घडलेलें आहे. भारतांतील पहिला कोरोनारुग्ण २०२० च्या जानेवारींत केरळांत आढळला. त्याच्या घशांतील स्रावाचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंत याच जातीच्या सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला असतां अवघे सात विषाणुकण सांपडले. त्यांतील एक उत्तम टिकलेला कण ७५ नॅनोमीटरांचा होता. आकृतीवरून तो कोरोना कुळांतील, एवढें कळलें. त्या कुळांतील नेमका कोणता, हें त्याच्या जनुकांच्या परीक्षेनें ठरलें. आकृति कुळ सांगते. जन्मपत्रिका दुसरीकडे पाहावी लागते.

सनदेच्या जन्मपत्रिकेस कार्बनमापन चालेल काय, असें कोणी विचारील. दुर्दैवानें इ. स. १६५० च्या सुमारापासून पुढील तीन शतकांत त्या मापनाचे आंकडे एकमेकांत इतके मिसळतात कीं, शिवकाल, पेशवाई व इंग्रजी अंमल यांचे कागद त्यावरून वेगळे करणें बहुधा साधत नाहीं. तेथें अक्षराचें वळण, शिक्के, मायने व तिथिवारांचा मेळ हींच आपलीं जुनीं साधनें श्रेष्ठ ठरतात. सूक्ष्मदर्शक खोटेपणा मात्र पकडूं शकेल. विसाव्या शतकांत वापरांत आलेल्या टायटॅनियमच्या पांढऱ्या भुकटीचे कण सनदेच्या कागदाच्या अंगांत सांपडले, आणि मागाहून डागडुजी झालेली नसली, तर सनद बनावट ठरेल. असे कण न सांपडल्यानें ती खरी ठरत नाहीं. म्हणून केवळ या यंत्राच्या दाखल्यावर कोणी काळ ठरवून देऊं लागल्यास संग्राहकांनीं तो मानूं नये.

आमची विनंती एवढीच. कागद कापूं नये. रुमाल सोडतांना ज्या कपच्या आपोआप गळतात, त्या कोऱ्या कागदाच्या पुडींत ठेवून पुडीवर पोथीचें नांव, पत्रांक व तारीख लिहावी. प्रथम साधें भिंग व कागदास न दुखवणारीं क्ष-किरणांचीं साधनें वापरावीं. तेवढ्यानें न भागल्यास मगच पुडी उघडावी. आमच्या वडिलार्जित पोथीच्या अशा कपच्या आम्हीं स्वतः कित्येक वर्षें कुंच्यानें झाडून टाकल्या. ती चूक आतां सुधारतां येत नाहीं. स्नेह्यांच्या सनदेचा कोपरा मात्र शाबूत आहे.