हिरवळीच्या जागी परसबाग

शहरांच्या नव्या वसाहतींत बंगल्यापुढे गवताची हिरवळ राखण्याची चाल रूढ झाली आहे. ही चाल इंग्रजी अमदानीतील होय. विलायतेच्या ढगाळ हवेत जे गवत सहज हिरवे राहते, तेच दख्खनच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत हिरवे ठेवावयाचे म्हटल्यास दर चौरस मीटरला रोज सुमारे 5 लिटर पाणी लागते. 100 चौरस मीटरच्या हिरवळीस हा हिशेब दिवसाला 500 लिटरवर जातो. ज्या दिवसांत अनेक खेड्यांत टँकरची वाट पाहिली जाते, त्या दिवसांत हा खर्च समर्थनीय नव्हे. तेवढ्याच जागेत भाजी, फळे व फुले यांची परसबाग उत्तम होऊ शकते.

अशा हिरवळीत पुष्कळदा हरळीच असते. काळ्या रानातील हरळी काढताना शेतकरी मेटाकुटीस येतो आणि बंगल्यात तिलाच पाणी घालून पोसले जाते! बाग करताना सर्वांत कष्टाचे काम हिला उखडण्याचेच आहे. वरचे गवत तासून त्यावर माती पसरल्यास पहिल्या पावसातच ती वाफ्यांतून डोके वर काढते. कारण तिच्या काशांच्या पेरापेरांतून फुटवे येतात. म्हणून भर उन्हाळ्यात पाणी तोडून जमीन टिकावाने खोल खणावी, ढेकळे उलटी करून तापू द्यावीत आणि मगच काशा हाताने वेचाव्यात. ओल्या काशा खताच्या खड्ड्यात कदापि टाकू नयेत. पावसाळ्यात पुन्हा दिसेल तो कोंब लागलीच मुळासकट काढावा.

वर्षानुवर्षे तुडविलेली जमीन घट्ट झालेली असते. तीत कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे. शेवगा, लिंबू, कढीपत्ता ही झाडे उत्तरेच्या बाजूस लावावीत, म्हणजे हिवाळ्यात त्यांची सावली वाफ्यांवर पडत नाही. कुंपणावर दोडका, कारली, वाल चढवावेत. वाफे सरळ चौकोनीच हवेत असे नाही. पायवाटेच्या वळणाने ते आखावेत व कडेला अबोली, मोगरा लावावा. वांगी-टोमॅटोच्या आसपास झेंडू असल्यास शोभा येते, शिवाय मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींनाही काहीसा आळा बसतो. मेथी एकदम न पेरता दर पंधरवड्यास थोडी थोडी पेरावी. ती महिन्याभरात काढणीस येते.

बागेलाही पाणी लागतेच. परंतु उन्हाळ्यात भाजीचे वाफे मोजकेच ठेवता येतात आणि झाडांच्या आळ्यांत पाचोळ्याचे आच्छादन केल्यास ओल टिकते. केळीस न्हाणीचे पाणी चालते. मात्र ते साचून डास होऊ देऊ नयेत. मुलांना खेळण्यासाठी थोडे गवत राखण्यास हरकत नाही. फरशी घालून अंगण बंद करणे मात्र हिरवळीहूनही वाईट, कारण मग पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही.