सनद मिळण्याआधीच कोर्टात

अमेरिकेतून कुणाला हद्दपार करायचं, हे ठरवणारी इमिग्रेशन कोर्टं तिथल्या न्यायव्यवस्थेचा भागच नाहीत! ती सरकारच्या न्याय खात्याच्या हाताखाली चालतात. चोरीचा आरोपी गरीब असेल तर त्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो. इथे मात्र वकील लावायचा तो पदरच्या पैशाने, असं कायद्यातच लिहिलंय. कारण हद्दपारी ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ मध्येच ठरवलं. परिणामी एका बाजूला सरकारी वकील आणि दुसऱ्या बाजूला सहा-सात वर्षांचं एकटं पोर, असंही घडतं.

अशा पोराच्या शेजारी उभं राहायचं ज्यांनी मनाशी ठरवलंय, त्या तरुण वकिलांची वाटचाल पाहून मी थक्क होतो. पदवीची चार वर्षं, कायद्याची तीन, मग राज्याची बार परीक्षा. एवढं सगळ्यांनाच असतं. पण यांचं खरं शिक्षण होतं लॉ स्कूलच्या ‘क्लिनिक’मध्ये. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली खरीखुरी प्रकरणं लढवतात. घाबरलेल्या माणसाकडून त्याची हकिगत हळूहळू, अनेक भेटींत जाणून घ्यायची, त्याच्या देशातल्या छळाचे पुरावे जमवायचे, आणि न्यायाधीशांपुढे उभंही राहायचं!

१९९२ मध्ये येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक हॅरॉल्ड को यांच्यासोबत थेट अमेरिकन सरकारवर दावा लावला. हैतीहून पळालेल्या, एचआयव्हीची लागण झालेल्या निर्वासितांना ग्वांतानामोच्या तळावर डांबून ठेवलं होतं. निर्वासितांना समुद्रातूनच परत पाठवलं जाई, त्याविरुद्धची लढाई ते जून १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. पण त्याच महिन्यात ब्रुकलिनच्या न्यायाधीशांनी तळावरच्या लोकांना सोडण्याचा आदेश दिला. आणि हा खटला लढवला होता विद्यार्थ्यांनी!

पुढे या कामात पगार बेताचा आणि डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. म्हणून न्यायाधीश रॉबर्ट कॅट्झमन यांच्या कल्पनेतून २०१४ मध्ये न्यू यॉर्कमध्ये ‘इमिग्रंट जस्टिस कोर’ ही संस्था सुरू झाली. नव्या वकिलांना ती फेलोशिप देऊन याच कामाला जुंपते. सेवाभावी संस्थेत काम करत १२० मासिक हप्ते फेडले, तर उरलेलं सरकारी शैक्षणिक कर्ज माफ होण्याचीही सोय आहे.

तुमची एखादी भाची किंवा पुतण्या तिकडे कायदा शिकत असेल, तर त्यांना एवढं जरूर सांगा: क्लिनिकमध्ये नाव घाला, सनदेची वाट पाहू नका.