फुटबॉल सामन्याचे पूर्वभाकीत : संभाव्यतेचे गणित आणि निश्चिततेचा व्यापार

प्रस्तावना

सोलापूर-अक्कलकोट मार्गावरील वळसंगसारख्या गावात व्यावसायिक फुटबॉलचे मैदान नाही. तरीही इंडियन सुपर लीगचा सामना तेथील विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनीवर पोहोचतो आणि सामन्याआधी त्याचे भाकीतही पोहोचते. ‘आज मुंबई नक्की जिंकणार’ अशा स्वरूपाचे हे भाकीत बहुधा कोणत्याही कारणमीमांसेविना येते आणि पुष्कळदा त्यामागे पैशाचा व्यवहार दडलेला असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली. तथापि कायद्याने व्यवहार थांबविता येतो, भाकितावरील भाबडा विश्वास नव्हे. सामन्याचे भाकीत शास्त्रीयदृष्ट्या कितपत शक्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुंबई आणि मोहन बागान : दोन हंगाम

मुंबई सिटी आणि कोलकात्याचा मोहन बागान या दोन संघांचा इतिहास याबाबत मोठा बोलका आहे. २०२०-२१ च्या हंगामात साखळीतील अखेरच्या सामन्यापूर्वी मोहन बागानचे (तेव्हाचे नाव एटीके मोहन बागान) ४० आणि मुंबईचे ३७ गुण होते. अग्रस्थान राखण्यासाठी मोहन बागानला केवळ बरोबरी पुरेशी होती. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईने तो सामना २-० असा जिंकला, गुणसंख्या समान झाली आणि परस्परांतील सामन्यांतील सरशीच्या आधारे लीग विनर्स शील्ड मुंबईला मिळाले. पुढे १३ मार्च रोजी फातोर्डा येथील अंतिम सामन्यात मोहन बागानने आघाडी घेतली, स्वयंगोलामुळे बरोबरी झाली आणि ९० व्या मिनिटास बिपिन सिंगच्या गोलाने मुंबई विजेती ठरली.

तीन वर्षांनी नेमकी उलट परिस्थिती निर्माण झाली. १५ एप्रिल २०२४ रोजी मुंबईचे ४७ आणि मोहन बागानचे ४५ गुण होते. या वेळी बरोबरी मुंबईला पुरेशी होती. कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानने २-१ असा विजय मिळवून शील्ड पटकावले. १९ दिवसांनी, ४ मे रोजी, त्याच मैदानावर, साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर तेच संघ अंतिम सामन्यात पुन्हा भेटले. नुकताच झालेला विजय, घरचे मैदान आणि प्रेक्षकांचा पाठिंबा ही सामनापूर्व विश्लेषणातील नेहमीची सारी प्रमाणे मोहन बागानच्या बाजूची होती. मध्यंतरापूर्वी त्यांनी गोलही केला. सामना मात्र मुंबईने ३-१ असा जिंकला.

यावरून भाकीतकार चुकले असे म्हणणे घाईचे होईल. मोहन बागानला अधिक संधी आहे असे म्हणणारा चुकला नाही. मोहन बागान जिंकणारच असे म्हणणारा मात्र सामना सुरू होण्यापूर्वीच चुकलेला होता.

गोलांचे गणित

फुटबॉलमध्ये गोल विरळा होतात. क्रिकेटमध्ये शेकडो चेंडूंच्या ओघात सरस संघाचे सरसपण बहुधा वर येते. फुटबॉलमध्ये दोन-तीन गोलांवर नव्वद मिनिटांचा निकाल लागतो. विरळ घटनांच्या मोजणीसाठी संख्याशास्त्रात प्वासाँ वितरण वापरतात. प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने होणाऱ्या मृत्यूंना बोर्टकीविच यांनी १८९८ मध्ये हेच वितरण लावून दाखविले होते. एम. जे. माहेर यांनी १९८२ मध्ये प्रत्येक संघाचे आक्रमण व बचाव यांचे बळ वेगवेगळे मोजून त्यातून अपेक्षित गोल काढण्याची रीत मांडली. डिक्सन आणि कोल्स यांनी १९९७ मध्ये कमी गोलांच्या सामन्यांसाठी तीत दुरुस्ती केली आणि अलीकडच्या सामन्यांना अधिक वजन दिले.

उदाहरणादाखल, यजमान संघाचे अपेक्षित गोल १.६ आणि पाहुण्या संघाचे १.१ आहेत असे मानू. प्वासाँ वितरणानुसार यजमानांच्या विजयाची संभाव्यता सुमारे ४९ टक्के, बरोबरीची २५ टक्के आणि पाहुण्यांच्या विजयाची २६ टक्के येते. येथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. सर्वाधिक संभाव्य निकाल यजमानांचा विजय हा असला, तरी सर्वाधिक संभाव्य गोलसंख्या १-१ ही आहे आणि तिचीही संभाव्यता अवघी १२ टक्के! गोलसंख्या अचूक सांगू पाहणारा उत्तम जाणकारही शंभरात अठ्ठ्याऐंशी वेळा चुकणार, हे यातून स्पष्ट होते.

आकड्यांपलीकडील भाग

निलंबित वा जखमी खेळाडू, लागोपाठच्या सामन्यांचा थकवा, गुणतक्त्यातील गरज या गोष्टी गणितात आपोआप येत नाहीत. त्या जाणकारालाच भराव्या लागतात. बरोबरी पुरेशी असलेला संघ सावध खेळतो, हे वरील दोन्ही शील्ड-सामन्यांपूर्वी विचारात घेणे आवश्यक होते. अंतिम सामन्यात बरोबरीची सोयच नसते, तेव्हा तेथील हिशेब निराळा.

घरच्या मैदानाचा लाभ हा असाच एक घटक. २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम महासाथीमुळे गोव्यात फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या तीनच ठिकाणी प्रेक्षकांविना खेळविला गेला. कार्यक्रमपत्रिकेत ‘यजमान’ हा शब्द कायम होता, परंतु मुंबईचे यजमानपद केवळ कागदोपत्री होते. एफसी गोवाला स्वतःचे मैदान लाभले, तेही रिकाम्या प्रेक्षागारासह. जुन्या हंगामांवरून काढलेला लाभाचा आकडा त्या वर्षी जसाच्या तसा वापरणे म्हणजे पाया नसलेल्या गृहीतकावर गणित मांडणे होते.

भाकिताची परीक्षा

निश्चिततेचा व्यापार कसा चालतो, हे समजण्यास साधा हिशेब पुरतो. एखाद्याने २७०० जणांचे तीन समान गट करून एकास विजय, दुसऱ्यास बरोबरी, तिसऱ्यास पराभव असे कळविले, तर ९०० जणांना भाकीत खरे ठरल्याचा अनुभव येतो. त्यांचेच पुन्हा तीन गट केल्यास ३०० आणि नंतर १०० जण उरतात. या शंभर जणांच्या दृष्टीने सांगणारा तीनदा लागोपाठ अचूक ठरलेला असतो. चौथ्या भाकितासाठी ते पैसे मोजावयास तयार होतात. फुटबॉलचे काडीचेही ज्ञान यासाठी लागत नाही.

यावर उतारा म्हणून भाकिते सामन्यापूर्वी टक्केवारीत लिहून घ्यावीत आणि सर्वच्या सर्व तपासावीत. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये हवामानाच्या अंदाजांसाठी सुचविलेले मापन येथेही लागू पडते. तिन्ही निकालांसाठी सांगितलेली संभाव्यता आणि प्रत्यक्ष घडलेले (१ किंवा ०) यांतील फरकांच्या वर्गांची बेरीज करावयाची. ती जितकी कमी, तितके भाकीत चांगले. काहीच माहीत नाही म्हणून तिन्ही निकालांना समान वाटा देणाऱ्यास प्रत्येक सामन्यात ०.६७ गुण पडतात. वरील उदाहरणातील ४९-२५-२६ ही संभाव्यता अगदी बरोबर मानली, तरी अशा अनेक सामन्यांची सरासरी ०.६३ येते. संपूर्ण शास्त्राची अज्ञानावरील आघाडी एवढीच! याउलट तेथेच ‘९० टक्के यजमान’ असे ठासून सांगून उरलेले १० टक्के समान वाटणाऱ्याची सरासरी सुमारे ०.८८ भरते, म्हणजे काहीच माहीत नसलेल्यापेक्षाही तो मागे पडतो. पदवी वर्गातील विद्यार्थ्यांना एका हंगामातील सामन्यांवर हा प्रयोग वहीत करता येईल. त्यासाठी लागते ती फक्त गुणतक्त्याची नोंद, आणि सामन्यापूर्वी लिहिलेला आकडा नंतर न खोडण्याची शिस्त.