विमाने मालकांकडे गेली, पगार कुठे अडकला?

वर्षावासातला रविवार होता. विहारात ग्रंथवाचन आटोपले, सरणत्तय झाले आणि उपासक-उपासिका चपला शोधू लागल्या. तेवढ्यात आमच्या वस्तीतील एक ताई माझ्याजवळ आल्या. हातात गुळगुळीत कागदाची पुस्तिका, वर निळ्या आकाशात विमान. "जयभीम भाऊ, जरा हे बघता का?" मुलगा बारावी झालेला. विमानतळावर ‘ग्राउंड स्टाफ’ होण्याचा एका खासगी संस्थेचा कोर्स, फी लाखाच्या घरात. निम्मे पैसे बचत गटातून, निम्म्यासाठी गळ्यातले मोडायचे, असा बेत होता. "पोरगा म्हणतो, विमानाची कंपनी म्हणजे केवढी मोठी, ती काय बुडणार?"

मी म्हटले, "ताई, आठ दिवस थांबा." त्या आठ दिवसांत त्यांना आणि मुलाला जे सांगितले तेच येथे लिहीत आहे, कारण ही पुस्तिका आता बऱ्याच घरांत पोचली आहे.

विमान कंपनी बुडते. लांबचे उदाहरण नको, आपल्या मुंबईचेच घेऊ. वाडिया समूहाने २००५ च्या नोव्हेंबरात ‘गोएअर’ नावाची स्वस्त तिकिटाची विमानसेवा सुरू केली. २०२१ मध्ये तिचे नाव ‘गो फर्स्ट’ झाले. नागपूरच्या ज्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव आहे, तिथेही तिची विमाने उतरत. वाडिया हे नाव गिरणगावाला नवे नाही. १८७९ साली स्थापन झालेली बॉम्बे डाईंग त्यांचीच. दादर-नायगावच्या स्प्रिंग मिलमध्ये ज्यांच्या बापजाद्यांनी घाम गाळला, अशी कुटुंबे या अंकाच्या वाचकांत असतील. गिरण्या गेल्या, जमिनींवर टॉवर उभे राहिले. बॉम्बे डाईंगच्या दोन गिरण्या आणि श्रीनिवास मिल येथील कामगारांच्या ३,८९४ घरांची सोडत निघायला १ मार्च २०२० उजाडावे लागले. सोडतीच्या यादीत नाव शोधायला पुष्कळदा कामगार नव्हे, त्याचा मुलगा किंवा सून आली होती. हे विषयांतर वाटेल, पण कंपनी आक्रसते तेव्हा कोणाला किती वाट पाहावी लागते याचा धडा आपल्या घरांनी आधीच गिरवला आहे.

आता स्वस्त विमानाचा धंदा चालतो कसा ते पाहू. कंपनीची विमाने बहुधा तिच्या मालकीची नसतातच. ती एकदम मोठी ऑर्डर देते. गोएअरने २०११ मध्ये ७२ आणि २०१६ मध्ये आणखी ७२ एअरबस ए-३२० निओ मागवली. घाऊक भावात विमान घ्यायचे, ते भाडेकंपनीला विकायचे आणि तेच विमान तिच्याकडून भाड्याने चालवायचे, अशी ही रीत. दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर चालवणाऱ्या आपल्या बांधवाला हे समजावून सांगायला नको. गिऱ्हाईक मिळो न मिळो, मालकाचे भाडे द्यावेच लागते. इथे ते भाडे डॉलरमध्ये असते एवढाच फरक. म्हणून विमान दिवसभर उडत राहिले तरच हिशेब जुळतो. उतरलेले विमान अर्ध्या-पाऊण तासात झाडून, सामान उतरवून-चढवून, इंधन भरून परत उडवायचे. स्वस्त तिकिटाचा नफा या अर्ध्या तासात असतो आणि तो अर्धा तास लोडर, सफाई कामगार, काउंटरवरची मुलगी यांच्या पाठीवर चाललेला असतो.

गो फर्स्टची विमाने उडायची थांबली ती इंजिनांमुळे. या विमानांना अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीची इंजिने होती. ती मुदतीआधीच नादुरुस्त होऊ लागली आणि बदली इंजिने मिळेनात. कंपनीने स्वतः दिलेले आकडे असे: डिसेंबर २०१९ मध्ये ताफ्यातील ७ टक्के विमाने इंजिनांअभावी उभी होती, डिसेंबर २०२० मध्ये ३१ टक्के, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ५० टक्के. उभ्या विमानाचे भाडे चालूच असते. अशा वेळी कंपन्या उभ्या विमानाचे चांगले भाग काढून उडणाऱ्याला लावतात, वेळापत्रकातली उड्डाणे गाळतात, दोन विमानांचे प्रवासी एकात बसवतात. शिव्या मात्र काउंटरवरच्या मुलीला खाव्या लागतात.

सिंगापूरच्या लवादाने ३० मार्च २०२३ रोजी इंजिने देण्याचा आदेश दिला, तो पाळला गेला नाही असे गो फर्स्टचे म्हणणे. कंपनीने आमचेच पैसे वेळोवेळी थकवले, असे प्रॅटचे उत्तर. इंडिगोचीही अनेक विमाने याच इंजिनांपायी उभी राहिली, पण तिच्या तिजोरीत दम होता. गो फर्स्टच्या तिजोरीत तो नव्हता, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही ताळेबंदावरून कळावे. एकूण देणी सुमारे ११,४६३ कोटी रुपये. त्यात सेंट्रल बँकेचे सुमारे १,९८७ कोटी, बँक ऑफ बडोद्याचे १,४३० कोटी. दोन्ही सरकारी बँका, म्हणजे ठेवी तुमच्या-माझ्या. २ मे २०२३ रोजी कंपनीने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून विमाने उडाली नाहीत. ती पुढे कधीच उडाली नाहीत.

यापुढची कथा मला जास्त महत्त्वाची वाटते. अर्ज १० मे रोजी दाखल करून घेतला गेला आणि कायद्याप्रमाणे वसुलीला स्थगिती मिळाली. भाडेकंपन्या म्हणाल्या, विमाने आमची आहेत, आम्हाला परत द्या. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून विमानांना त्या स्थगितीतून वगळले. २६ एप्रिल २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ५४ विमानांची नोंदणी पाच कामकाजाच्या दिवसांत रद्द करण्याचा आदेश दिला. एप्रिल २०२५ मध्ये तर विमानांवरील हक्कांसाठी संसदेने स्वतंत्र कायदाच मंजूर केला. मालकाला त्याची वस्तू मिळावी याला माझा विरोध नाही. पण दोन वर्षांत अधिसूचना, निकाल आणि कायदा ही तिन्ही विमानांच्या वाट्याला आली. एवढी धावपळ पगारासाठी झालेली मी तरी पाहिली नाही.

२० जानेवारी २०२५ रोजी न्यायाधिकरणाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. मोडीत काढताना जे पैसे येतात ते वाटण्याच्या पायऱ्या कायद्याच्या कलम ५३ मध्ये ठरलेल्या आहेत. (पायऱ्यांची उतरंड आपल्याला नवी नाही!) सर्वांत वर या प्रक्रियेचाच खर्च. त्याखाली कामगारांची मागील २४ महिन्यांची देणी, आणि त्याच पायरीवर तारण सोडून देणाऱ्या बँका. त्याखाली कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांचा मागील १२ महिन्यांचा पगार. मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकार, आणि खूप खाली, आगाऊ तिकीट काढून बसलेला प्रवासी.

यात एक मेख आहे. हे महिने मोजायचे ते मोडीत काढण्याच्या आदेशापासून मागे. म्हणजे २० जानेवारी २०२५ पासून १२ महिने मागे गेलो तर आपण जानेवारी २०२४ ला पोचतो. एखाद्या कर्मचाऱ्याचा एप्रिल २०२३ चा पगार थकला असेल तर तो या १२ महिन्यांत येतच नाही, तो आणखी खाली घसरतो. कामगाराचे २४ महिने जानेवारी २०२३ पर्यंत जातात, त्याचा एप्रिल बसतो. आपली पोरे छातीवर ‘सुपरवायझर’ बिल्ला लागला की पेढे वाटतात. वाटावेत. पण कामगार कोण हे बिल्ल्यावरून ठरत नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरते, म्हणून नेमणूकपत्रात काम काय लिहिले आहे ते वाचून मग सही करावी.

आणि लोडर? तो बहुधा या शिडीवर नसतोच. तो कंत्राटदाराचा माणूस असतो. कंत्राटदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने तो द्यावा असे कायदा म्हणतो, पण मूळ मालकच मोडीत निघाला तर त्या माणसाने दाद कुठे मागायची? गिरणीत धागा तोंडाने जोडावा लागतो म्हणून आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत, कमी पगाराच्या खात्यांत ठेवत. विमानतळावर तसे कोणी उघड म्हणत नाही. तरीही सामानाच्या पट्ट्यावर आणि झाडूवर कोणत्या वस्त्यांतली पोरे दिसतात ते एकदा जाऊन पाहावे. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४३ मध्ये मालकांना कामगार संघटना मान्य करायला भाग पाडणारे विधेयक मांडले होते. एकाच विमानाभोवती पाच कंत्राटदारांची माणसे राबतात, त्यांची एक संघटना व्हायची कशी, हा प्रश्न आजही तसाच आहे.

एक गोष्ट मात्र या उतरंडीच्या बाहेर आहे: भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी फंडातले पैसे. त्यावर कोणत्याही बँकेला हात घालता येत नाही. पण पैसे भरलेले असतील तर! पगारातून कापले आणि भरलेच नाहीत, ही जुनी खोड आहे. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी यूएएन क्रमांकावरून पासबुक पाहावे. नेमणूकपत्र, पगारपत्रके, हजेरीची नोंद, पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे घरात ट्रंकेत ठेवावेत, नुसते मोबाईलमध्ये नकोत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांवर अनेक संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत, मलाही ते पटतात. तरी त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे, ते मागून घ्यावे. कंपनी मोडीत निघाली की वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते. दावा साधारण ३० दिवसांत पुराव्यासह द्यायचा असतो, आणि पुरावा म्हणजे हेच कागद.

ताई मुलाला घेऊन त्या संस्थेत गेल्या. दोनच प्रश्न विचारा, असे मी सांगितले होते: कोर्सनंतर पगार कोण देणार, विमान कंपनी की कंत्राटदार? आणि मागच्या तुकडीतल्या पाच मुलांची नेमणूकपत्रे दाखवता का? उत्तर म्हणून चहा मिळाला आणि फीमध्ये सूट मिळाली. नेमणूकपत्र एकही दिसले नाही. गळ्यातले अजून गळ्यात आहे. मुलाने आयटीआयचा अर्ज भरला. विमानतळाची ओढ काही सुटलेली नाही, आणि सुटावी असे मलाही वाटत नाही. कुशल तंत्रज्ञ होऊनही तिथे जाता येते.

आमच्या विहारात आता महिन्यातल्या एका रविवारी वाचनानंतर तासभर कागद पाहायला बसतो. पहिल्या दिवशी अकरा जण आले. चौघांच्या पासबुकात कापलेल्या रकमेची नोंद नव्हती. त्यांचे अर्ज लिहून झाले आहेत, ते भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात द्यायला सोमवारी मी रजा टाकली आहे.