साइटचा स्क्रू आणि थेंबभर थ्रेडलॉकर

भोपाळच्या मध्य प्रदेश राज्य नेमबाजी अकादमीत मार्च २०२३ मध्ये विश्वचषक स्पर्धा झाली. सरबज्योत सिंगने पुरुषांच्या १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, मनू भाकरने २५ मीटर पिस्तूल प्रकारात कांस्य मिळवले, तर ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने एअर रायफलमध्ये कांस्यपदक पटकावले. पुढील वर्षी मे महिन्यात पॅरिस ऑलिम्पिकच्या निवड चाचण्यांचा उत्तरार्धही याच अकादमीत पार पडला. अशा स्पर्धांत एकेका गुणावर निवड ठरते. तो गुण कधी हाताच्या कंपामुळे जातो, कधी मनाच्या चलबिचलीमुळे आणि कधी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, साइटच्या एका सैल स्क्रूमुळे.

पिस्तुलावर दोन साइट असतात. नळीच्या टोकाशी पुढची, जिला जुन्या मराठीत बंदुकीची ‘माशी’ म्हणत, आणि मागे खाच असलेली दुसरी. एअर पिस्तुलात या दोहोंमधील अंतर ३२ सेंटीमीटर आहे असे धरू. मागची साइट केसाच्या जाडीइतकी, म्हणजे ०.१ मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे ३ मिलिमीटर बाजूला लागतो. लक्ष्यावरील लागोपाठच्या दोन वर्तुळरेषांत अंतर असते अवघे ८ मिलिमीटर. २५ मीटरच्या पिस्तुलात साइटमधील अंतर नियमानेच २२ सेंटीमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. तेथे तेवढ्याच सरकण्याने गोळी ११ मिलिमीटरहून अधिक भरकटते.

खरे नुकसान मात्र एका नेमापुरते नसते. छर्रे भरकटू लागले की नेमबाज प्रथम स्वतःला दोष देतो. पकड बदलतो, श्वास तपासतो, साइट दोन ‘क्लिक’ डावीकडे, मग तीन उजवीकडे फिरवतो. सैल साइट मात्र प्रत्येक धक्क्याला नव्या जागी बसते, त्यामुळे कोणतीच दुरुस्ती टिकत नाही. उसन्या किंवा एकुलत्या एका पिस्तुलावर सराव करणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत तर महिनोन्‌महिन्यांचा सराव यात वाया जाऊ शकतो.

यावरचा उपाय म्हणजे थ्रेडलॉकर. अमेरिकेतील हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये हा द्रव विकसित केला; ‘लॉकटाइट’ हे त्याचेच प्रसिद्ध नाव. त्याचा गुण विलक्षण आहे. हवेतील प्राणवायू मिळतो तोवर तो पातळ राहतो. धातूच्या दोन पृष्ठभागांत कोंडला गेला, हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतो. म्हणूनच त्याची बाटली पूर्ण भरलेली नसते. ग्राहकाला ती फसवणूक वाटते, पण वरची हवाच आतला द्रव पातळ ठेवत असते. स्क्रूच्या आट्यांत राहणारी सूक्ष्म मोकळीक तो भरून काढतो आणि कंपनांनी स्क्रू उलटा फिरू देत नाही.

निवड रंगावरून होते आणि येथेच घोटाळा होतो. साइटचे स्क्रू नाजूक, दोन-तीन मिलिमीटर जाडीचे. त्यांना जांभळा, कमी ताकदीचा प्रकार पुरतो. निळा मध्यम ताकदीचा. एरवी साध्या पान्याने सुटणारा, परंतु इतक्या बारीक स्क्रूचा माथा सोडवताना झिजू शकतो. लाल प्रकार साइटच्या आसपासही नको. तो सोडवायला सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते आणि तेवढ्या उष्णतेत साइटचा काळा लेप व आसपासचे प्लास्टिक यांचे काय होईल ते सांगायला नको. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद हा पर्याय नव्हे. तो ठिसूळ असतो आणि धक्क्यांनी तडकतो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न थ्रेडलॉकर कोठे लावायचा हा आहे. साइटचा ठोकळा पिस्तुलाला जखडणारे आणि पुढची साइट धरून ठेवणारे, एकदा बसवले की बसवले असे जे स्क्रू, तेवढ्यांनाच तो लावावा. उंची व डावे-उजवे जुळवण्याचे क्लिकचे स्क्रू फिरण्यासाठीच असतात. त्यांत थेंब गेला तर साइट निरुपयोगी होते. ट्रिगरच्या स्क्रूंना तर हातच लावू नये. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरवर किमान ५०० ग्रॅम ताण असावा लागतो आणि त्या यंत्रणेत ओघळलेला थेंब शस्त्र असुरक्षित करू शकतो. खाचेत ठोकून बसवलेल्या, स्क्रू नसलेल्या साइटचे काम कारागिराचेच. मुळात शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री केल्याशिवाय यातील काहीही करू नये.

गोव्याच्या खाऱ्या हवेत गंज टाळण्यासाठी शस्त्रावर तेलाचा हात सढळ फिरतो. तेलकट आट्यांवर थ्रेडलॉकर नीट धरत नाही. स्क्रू आणि भोक दोन्ही प्रथम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सुकवावीत. मग आट्यांवर टाचणीच्या टोकावर मावेल एवढा थेंब ठेवून स्क्रू योग्य ताणाने आवळावा, कारण थ्रेडलॉकर आवळण्याची जागा घेत नाही. बाहेर आलेला द्रव लगेच टिपावा. काही प्रकारच्या प्लास्टिकला त्याने तडे जातात. पोलादात पकड अर्ध्या तासात येते, पूर्ण ताकद मात्र २४ तासांनी. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस पोलादात त्याहून उशीर लागतो. त्यामुळे स्पर्धेच्या आदल्या रात्री निवासात बसून हे काम करणे धोक्याचे. किमान आठवडाभर आधी ते उरकावे आणि नंतर सरावात साइट नव्याने जुळवून घ्यावी.

स्क्रू बसल्यावर त्याच्या माथ्यावरून ठोकळ्यापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढण्याची कारागिरांची जुनी रीत आहे. नखांना लावायचे पॉलिशही त्यासाठी चालते. स्क्रू जरासा फिरला तरी रेघ तुटते आणि नजरेला लगेच कळते. वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस भोपाळला थांबते. रात्रंदिवसाच्या त्या प्रवासात पेटीतले पिस्तूलही हादरे खात असते. रेंजवर पोहोचल्यावर पेटी उघडताच आधी ती रेघ पाहावी, क्लिक फिरवायचे की नाही ते नंतर ठरवावे.