उपदेश कळला पाहिजे

मिस्साबलिदानात शुभवर्तमानाचे वाचन संपले की भाविक खाली बसतात आणि धर्मगुरू उपदेशास आरंभ करतात. आठवडाभर शेतात राबणाऱ्या माणसाला धर्मशिक्षण मिळण्याची बहुधा ही एकच वेळ असते. ती वाया गेली, तर पुढील रविवारपर्यंत तिची भरपाई होत नाही. म्हणून चांगला उपदेश ही हौसेची बाब नव्हे; ती गरज आहे.

बिदर व कलबुर्गीच्या सीमाभागात हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आले. सीमा बदलली, चुलीजवळची बोली बदलली नाही. औराद-भालकीकडे पुष्कळ घरांत आजही मराठी बोलतात. शाळेत व कचेरीत कन्नड, बाजारात दखनी चालते. हे दोन्ही जिल्हे २००५ साली स्थापन झालेल्या गुलबर्गा धर्मप्रांतात येतात. अशा मंडळीपुढे निव्वळ ग्रांथिक भाषेत केलेला उपदेश, मग ती भाषा कन्नड असो वा मराठी, नातवाला अर्धा कळतो आणि आजीला मुळीच नाही.

ख्रिस्तसभेला ही अडचण नवी नाही. इ. स. ८१३ मध्ये फ्रान्समधील टूर्स येथील धर्मपरिषदेने, लॅटिन न समजणाऱ्यांसाठी उपदेश त्यांच्या बोलीत करावा, असा आदेश दिला. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी इथल्या जनांची पुराणश्रवणाची गोडी ओळखली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. परदेशी माणसाने एवढे कष्ट घेतले, ते श्रोत्याला कळावे म्हणून! १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर, रविवारी व आज्ञापित सणांच्या दिवशी लोकांसह होणाऱ्या मिस्सात गंभीर कारणाशिवाय उपदेश टाळू नये, असे स्पष्ट सांगितले.

मग चांगला उपदेश कोणता? ज्याची आधी तयारी व प्रार्थना झाली आहे, ज्यात एकच विचार नीट उलगडला आहे आणि जो वेळेवर संपतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ साली आठ मिनिटांची मर्यादा सुचविली होती. लांबलेल्या उपदेशात लोक झोपी जातात, असे ते म्हणाले होते. दृष्टांतही जवळचा हवा. पेरणाऱ्याचा दाखला सांगताना दूरदेशीच्या बागांचे वर्णन कशाला? मांजरेकाठची काळी जमीन आणि बिदरच्या माळावरची लाल, मुरमाड जमीन श्रोत्यांच्या रोजच्या पायाखालची आहे. बी कुठे धरते आणि कुठे करपते, हे त्यांना सांगावे लागत नाही. अंतःकरणाची जमीन कोणती, एवढेच विचारावे लागते.

मात्र सारा भार धर्मगुरूंवरच टाकून चालणार नाही. दुसऱ्या प्रांतातून आलेल्या धर्मगुरूंना गावची बोली शिकविणे हे गावाचेच काम आहे. धर्मशिक्षकाने उपदेशाचे सार मराठीत सांगावे. न कळलेले आदराने विचारावे. त्यात अवमान नाही. आणि रविवारी जेवताना आईबापांनी मुलांना एवढेच पुसावे, “आज काय ऐकलेस?” मुलाला एक वाक्य जरी सांगता आले, तरी त्या दिवशीची पेरणी साधली असे समजावे.